मॉर्मन चर्चचं जुनं दप्तर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या कागदांचा नाद असलेल्या माणसाने एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत एकदा तरी डोकवावं अशी जागा म्हणजे मॉर्मन चर्चचं दप्तर. सतरा वर्षांत या मंडळींचं बस्तान चार वेळा हललं. छापखाना फुटला, संस्थापक तुरुंगात गेला आणि पुढे मारला गेला. तरीही पत्रं, रोजनिश्या, सभांची इतिवृत्तं एवढी शिल्लक राहिली की अभ्यासकांना ती छापून काढायला पंधरा वर्षं लागली. इथे त्यांच्या धर्ममतांची चर्चा नाही. कागद कोणी लिहिले, कोणी लपवले, कोणी बदलले आणि आज ते वाचताना काय सांभाळावं, एवढ्यापुरतीच ही प्रश्नोत्तरं आहेत.

मॉर्मन म्हणजे कोण, आणि ‘सुरुवातीचे पुढारी’ म्हणजे कोणत्या काळातले?

द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स हे या चर्चचं पूर्ण नाव. जोसेफ स्मिथ या तरुणाने ६ एप्रिल १८३० रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या फेएट इथे ते स्थापन केलं. तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता. पुढे मंडळी ओहायोतल्या कर्टलंडला गेली, मग मिझूरीत, तिथून हाकलल्यावर इलिनॉयमध्ये मिसिसिपीकाठच्या नॉवूला. २७ जून १८४४ रोजी कार्थेजच्या तुरुंगात जमावाने स्मिथला ठार मारलं. त्यानंतर ब्रिगम यंगच्या मागे मोठा गट १८४७ मध्ये आजच्या यूटातल्या सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोहोचला. इथे प्रामुख्याने १८३० ते १८५६ या काळाबद्दल बोललं आहे. १८५६ का, ते पुढे येईल.

नोंदी ठेवण्याचं एवढं वेड कशामुळे?

कारण ती धर्माज्ञाच होती. चर्च स्थापन झालं त्याच दिवशीच्या साक्षात्कारात, म्हणजे स्मिथने देवाचा म्हणून सांगितलेल्या संदेशात, तुमच्यामध्ये नोंद ठेवली जावी, असा आदेश आहे. पुढच्या वर्षी, मार्च १८३१ मध्ये, जॉन व्हिटमर याला रीतसर इतिहासकार नेमलं गेलं. चर्चला अजून वर्षही पुरं झालं नव्हतं. स्वतःचं देऊळ नाही, गाठीला पैसा नाही, पण इतिहासकार आहे!

आज्ञा होती म्हणून काम चोख झालं असं मात्र नाही. फेब्रुवारी १८३५ मध्ये बारा प्रेषितांपुढे, म्हणजे चर्चच्या बारा वरिष्ठ पुढाऱ्यांच्या मंडळापुढे बोलताना स्मिथने स्वतःच हळहळ व्यक्त केली. आजवर झालेले सगळे निर्णय आपल्या हाती लेखी असते तर त्यांचं मोल करता आलं नसतं, असं तो म्हणाला. बरंचसं तेव्हाच निसटलं होतं.

या वेडाला खरी धार आली ती सप्टेंबर १८४२ मध्ये. चर्चमध्ये मृत नातलगांच्या नावाने जिवंत माणसाने बाप्तिस्मा घ्यायची प्रथा दोन वर्षांपूर्वी सुरू झाली होती. अटक टाळण्यासाठी लपून बसलेल्या स्मिथने तिथून दोन पत्रं पाठवली आणि या विधींबद्दल बजावलं, की प्रत्येक विधीच्या वेळी नोंद करणारा हजर पाहिजे, त्याने डोळ्यांनी पाहिलेलं आणि कानांनी ऐकलेलंच लिहिलं पाहिजे. पृथ्वीवर लिहिलेलं स्वर्गात लिहिलं जातं, न लिहिलेलं तिथेही नसतं, असा त्यामागचा विचार. कारकुनाच्या हातात मोक्षाची किल्ली देणारा धर्म मला तरी दुसरा ठाऊक नाही.

जोसेफ स्मिथ स्वतः लिहीत असे का?

क्वचितच. शाळा फारशी झालेली नव्हती आणि लिहिण्याचा कंटाळाही होता. तो सांगे, दुसरे लिहीत. दोन डझनांहून अधिक लेखनिकांनी त्याच्यासाठी काम केल्याचं ओळखता येतं. ‘मॉर्मन’ हे नाव ज्यावरून पडलं त्या बुक ऑफ मॉर्मन या धर्मग्रंथाचं बरंचसं हस्तलिखित ऑलिव्हर काउडरीने १८२९ मध्ये स्मिथच्या तोंडून ऐकत उतरवलं.

२७ नोव्हेंबर १८३२ ही तारीख या संदर्भात फार बोलकी आहे. त्या दिवशी स्मिथने रोजनिशीची नवी वही सुरू केली. आपल्या नजरेला येणारी बारीकसारीक गोष्ट टिपायची, असा संकल्प पहिल्याच पानावर लिहिला. त्याच दिवशी त्याने मिझूरीत चर्चचा छापखाना चालवणाऱ्या विल्यम फेल्प्सला पत्र पाठवलं. त्यात नोंदी ठेवणाऱ्याची कर्तव्यं सांगितली आहेत आणि शेवटी देवाजवळ गाऱ्हाणं आहे : कागद, लेखणी, शाई आणि मोडक्यातोडक्या, अपुऱ्या भाषेच्या या अंधाऱ्या, अरुंद कोठडीतून सोडव रे. आणि संकल्पाचं काय झालं? डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत नोंदी आहेत, त्यानंतर थेट ऑक्टोबर १८३३. नव्या वर्षाच्या डायरीचं जे आपल्याकडे होतं, तेच.

त्याच्या स्वतःच्या हातचं काहीच नाही का?

आहे, आणि ते वाचण्यासारखं आहे. बायको एमाला लिहिलेली पत्रं बऱ्याचदा त्याच्याच अक्षरात असतात. १३ ऑक्टोबर १८३२ चं पत्र घ्या. चर्चचा बिशप न्यूएल व्हिटनी याच्याबरोबर तो न्यूयॉर्क शहरात आला होता. व्हिटनी दुकानासाठी माल घेत होता, हा शहर बघत होता. इमारती बघून थक्क झाला, आणि या एवढ्या सगळ्या लोकांचं पुढे काय होणार या विचाराने अस्वस्थही झाला. घरी एमा दिवस भरत आलेल्या अवस्थेत, म्हणून सगळा जीव तिकडे. स्पेलिंग वाटेल तसं, विरामचिन्हांचा पत्ता नाही. कारकुनांनी लिहिलेल्या ठाकठीक पत्रांतून जो माणूस दिसत नाही तो इथे दिसतो.

पत्रांच्या नकला कशा ठेवत?

हाताने. जाड खतावणी वहीत महत्त्वाच्या आलेल्या-गेलेल्या पत्रांची नक्कल उतरवून काढायची. आपल्या कचेऱ्यांत आवक आणि जावक अशी वेगवेगळी रजिस्टरं असतात, इथे दोन्ही एकाच वहीत. पहिली वही १८३२ ते १८३५ ची, दुसरी १८३७ ते १८४३ ची. पहिल्या वहीची सुरुवातीची पानं वेगळ्याच कामाला लागलेली आहेत. तिथे स्मिथने १८३२ मध्ये स्वतःच्या आयुष्याची हकिकत लिहिली, थोडी आपल्या हाताने, थोडी फ्रेडरिक विल्यम्सच्या. काम अर्धवट सोडलं, मग उरलेली वही पत्रांना. कागद महाग होता.

मूळ पत्र हरवलंय पण वहीतली नक्कल आहे, असं अनेकदा घडतं. अशा वेळी एक सावधगिरी. नक्कल करणारा शुद्धलेखन सुधारतो, कधी ओळ गाळतो, कधी तारीख चुकवतो.

पुढे यूटामध्ये ब्रिगम यंगच्या कचेरीत यंत्र आलं. खास शाईने पत्र लिहायचं, त्यावर ओलसर केलेला पातळ कागद ठेवायचा आणि लोखंडी दाबयंत्रात घालून पीळ द्यायचा, की शाई वरच्या कागदावर उमटते. अशा नकलांच्या वह्यांत यंगची हजारो पत्रं आहेत. काही पानं आज इतकी फिकट झाली आहेत की डोळे फुटतात.

टपालाचा खर्च कोण करायचा?

पत्र ज्याला मिळेल तो! १८४५ पूर्वी अमेरिकेत टपालहशील अंतरावर आणि कागदांच्या संख्येवर ठरत असे. एका कागदाला जवळच्या जवळ ६ सेंट, ४०० मैलांपलीकडे २५ सेंट. पाकीट वापरलं तर तेही एक कागद म्हणून मोजलं जाई, म्हणून पत्राचीच घडी घालून, बाहेरच्या बाजूला पत्ता लिहून, लाखेने चिकटवून टाकत. पैसे आधी भरणं सक्तीचं नव्हतं.

याचा स्मिथला भारी जाच झाला. डिसेंबर १८३५ च्या रोजनिशीत एका पत्राबद्दल लिहिलंय की त्यात दम काहीच नव्हता, पण २५ सेंट मात्र गेले. पुढे वैतागून लिहितो, लोकांना आपल्याकडून माहिती हवी असेल तर साध्या शिष्टाचाराने तरी त्यांनी टपालखर्च भरावा. त्याच महिन्यात चर्चच्या मासिकात जाहीर सूचनाच छापली. मित्रांची खुशाली कळण्यासाठी मी पैसे मोजायला तयार आहे, शिव्या आणि धमक्या विकत घ्यायला नाही! स्मिथची ही बाजू मला फार आवडते.

इतिहासकारच फुटला तर?

तसंच झालं. जॉन व्हिटमर मार्च १८३८ मध्ये चर्चबाहेर काढला गेला आणि जाताना स्वतः लिहिलेला इतिहास घेऊन गेला. एप्रिलमध्ये स्मिथ आणि त्याचा सहकारी पुढारी सिडनी रिग्डन यांनी त्याला पत्र पाठवून वही मागितली. पत्राचा सूर असा, की तुझ्या लेखनाला तसा काही अर्थ नाही, पण दे. अर्थ नसलेली वही कोण एवढी मागतं? व्हिटमरने दिली नाही. मूळ वही पुढे चर्चच्या दुसऱ्या शाखेकडे, म्हणजे आज कम्युनिटी ऑफ क्राइस्ट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेकडे गेली.

दुसरा नमुना विल्यम फेल्प्सचा. तोही फुटला होता, आणि १८३८ मध्ये कोर्टात स्मिथविरुद्ध साक्ष देऊन आला. १८४० च्या जूनमध्ये त्याने माफी मागणारं पत्र लिहिलं. जुलैमध्ये स्मिथचं उत्तर आलं. तुझ्यामुळे आम्हाला काय भोगावं लागलं ते त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे, आणि शेवटी दोन ओळींची यमकबद्ध हाक : ये भाऊ, लढाई संपली, आधीचे मित्र शेवटी पुन्हा मित्र. फेल्प्स परतला आणि नॉवूमध्ये स्मिथच्या नावाने मजकूर लिहून देणाऱ्यांपैकी एक झाला.

छापखान्यावरच्या हल्ल्यात काय गमावलं?

२० जुलै १८३३ रोजी मिझूरीतल्या इंडिपेंडन्स गावात जमावाने फेल्प्सचा छापखाना पाडला. तिथे साक्षात्कारांचा संग्रह छापला जात होता आणि १६० पानं तयार होती. सुटे कागद रस्त्यावर फेकले गेले. मेरी एलिझाबेथ आणि कॅरोलाइन रॉलिन्स या दोघी अल्पवयीन बहिणी धावत गेल्या, हाताला लागतील तेवढे कागद उचलले आणि मक्याच्या शेतात शिरून त्यांवर अंग टाकून पडून राहिल्या. माणसं शोधून परत गेली. अशा वाचलेल्या पानांतून बांधलेल्या मोजक्याच प्रती आज आहेत.

तुरुंगातून पत्रव्यवहार कसा चालला?

हा सगळ्या दप्तरातला सर्वांत जिवंत भाग आहे, त्यामुळे थोडं सविस्तर.

२७ ऑक्टोबर १८३८ रोजी मिझूरीचा राज्यपाल लिलबर्न बॉग्जने एका सेनाधिकाऱ्याला लेखी हुकूम दिला, की मॉर्मनांना शत्रू मानून त्यांचा नायनाट करा किंवा राज्याबाहेर हाकला. (हा हुकूम अधिकृतपणे मागे घेतला गेला तो १९७६ मध्ये.) स्मिथ आणि काही सोबती पकडले गेले आणि १ डिसेंबरपासून लिबर्टी गावच्या तुरुंगाच्या तळघरात अडकले. भर हिवाळा, आणि तिकडे बायकामुलं मिसिसिपी ओलांडून इलिनॉयमधल्या क्विन्सीकडे चाललेली.

मार्च १८३९ मध्ये एके संध्याकाळी तीन पत्रं एकदम हाती आली : एमाचं, धाकटा भाऊ डॉन कार्लोसचं आणि बिशप एडवर्ड पार्ट्रिजचं. फार दिवसांत कुणाची खबर नव्हती. ती पत्रं म्हणजे जिवाला लागलेली गार झुळूक, असं स्मिथ लिहितो. लगेच त्याने बांधवांसाठी एक लांबलचक पत्र सांगायला घेतलं. कोठडीतलेच अलेक्झांडर मॅक्रे आणि केलब बॉल्डविन लिहून घेत होते. पत्रावर २० मार्च अशी तारीख आहे.

दुसऱ्या दिवशी एमाला वेगळं पत्र. त्यात म्हणतो, चर्चसाठीचं पत्र मी तुझ्या नावानेच पाठवलंय, कारण पहिल्यांदा ते तू वाचावंस असं मला वाटतं. आईवडिलांना एक नक्कल दे. मूळ प्रत मात्र तूच ठेव, मजकूर मी स्वतः सांगितलेला आहे. तळघरात बसलेला माणूस कोणती प्रत कोणाकडे राहावी हे ठरवतोय!

त्या पत्राचे काही भाग १८७६ च्या आवृत्तीपासून चर्चच्या धर्मग्रंथात आहेत. त्यांतला एक भाग तर कारकुनी सूचनाच आहे. झालेले अत्याचार, मालमत्तेचं नुकसान, करणाऱ्यांची नावं, सगळं गोळा करा, शपथेवर लिहून घ्या.

मग लोकांनी लिहून दिलं का?

शेकडोंनी. कुणाची गाय गेली, कुणाचं मक्याचं शेत, कुणाचा नवरा. न्यायाधीशासमोर शपथपत्रं झाली, प्रत्येकाने नुकसानीचा आकडा घातला. स्मिथ आणि इलायस हिग्बी हे गठ्ठे घेऊन १८३९ च्या अखेरीस वॉशिंग्टनला गेले. राष्ट्राध्यक्ष व्हॅन ब्युरेनची भेट झाली. तुमची बाजू न्यायाची आहे पण मला काही करता येत नाही, असं तो म्हणाल्याचं चर्चच्या नोंदी सांगतात. सिनेटच्या समितीने मिझूरीतच दाद मागा म्हणून हात वर केले. भरपाई शून्य. पण सामान्य शेतकरी बायाबापड्यांच्या तोंडचा मजकूर इतक्या प्रमाणात टिकला तो या फसलेल्या अर्जांमुळे, आणि माझ्या मते पुढाऱ्यांच्या पत्रांपेक्षा त्याची किंमत कमी नाही.

मिझूरीतून कागद बाहेर कसे काढले?

परकराखाली. लेखनिक जेम्स मुलहॉलंडकडे स्मिथचे कागद होते. बाईची झडती घ्यायला जमाव कचरेल म्हणून त्याने ते आपली मेहुणी अ‍ॅन स्कॉट हिच्याकडे दिले. तिने दोन सुती पिशव्या शिवल्या, त्यांना कमरेला बांधायचा पट्टा लावला. दिवसा कपड्यांच्या आत, रात्री उशीखाली. पुढे त्या तिने एमाकडे सोपवल्या. फेब्रुवारी १८३९ मध्ये एमा गोठलेली मिसिसिपी पायी ओलांडून गेली, बरोबर लहान मुलं आणि कमरेला या पिशव्या. मुलहॉलंड त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये वारला.

चर्चचा जो मोठा ‘इतिहास’ छापला आहे, तो स्मिथने लिहिला का?

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. पुस्तक उघडलं की सगळं प्रथमपुरुषी : मी गेलो, मी बोललो, मला वाटलं. वाचणाऱ्याला ते आत्मचरित्र वाटणारच.

खरी गोष्ट अशी. १८३८ मध्ये सुरू केलेलं हे काम १८३९ मध्ये मुलहॉलंडला घेऊन पुन्हा हाती घेतलं. कारकून मरत होते, काही फितूर होत होते, खटले संपत नव्हते, पैसा नव्हता. इतिहास का रखडला याची ही कारणं खुद्द त्या इतिहासातच दिलेली आहेत. स्मिथ मारला गेला तेव्हा मजकूर ऑगस्ट १८३८ पर्यंतच पोहोचला होता. उरलेली सहा वर्षं स्मिथचा चिटणीस विलर्ड रिचर्ड्सने, आणि १८५४ मध्ये तो वारल्यावर स्मिथचा चुलतभाऊ जॉर्ज ए. स्मिथने कारकुनांच्या मदतीने, थॉमस बुलकसारख्यांच्या हातून, पुरी केली. ऑगस्ट १८५६ मध्ये काम संपलं. स्मिथच्या रोजनिश्या, पत्रांच्या वह्या, वर्तमानपत्रं आणि इतरांच्या डायऱ्या समोर ठेवून त्यांनी मजकूर जुळवला, आणि ‘तो’ चा ‘मी’ केला. त्या काळी ही पद्धत रूढ होती, फसवणूक कोणाच्या मनात नव्हती. पण रिचर्ड्सचं किंवा बारा प्रेषितांपैकी विल्फर्ड वुडरफचं निरीक्षण स्मिथच्या तोंडी जाऊन बसलं, ते बसलंच.

आपल्याकडे बखर आणि दप्तर यांत जो फरक करतात, तो इथे तंतोतंत लागू पडतो. तो मोठा इतिहास ही बखर आहे. वाचायला उत्तम, पण पुरावा म्हणून उद्धृत करण्याआधी मूळ कागद पाहावा.

बायकांच्या नोंदी आहेत का?

आहेत, आणि एक तर अव्वल दर्जाची. १७ मार्च १८४२ रोजी नॉवूमध्ये रिलीफ सोसायटी ही स्त्रियांची संस्था निघाली. चिटणीस होती कवयित्री एलायझा स्नो. तिने ठेवलेलं इतिवृत्त १८४४ पर्यंतचं आहे. स्मिथने या बायकांपुढे केलेली भाषणं फक्त तिच्यामुळे टिकली. नॉवू सोडताना तिने वही बरोबर घेतली आणि यूटापर्यंत नेली.

आता वर म्हटलेली बखर आणि हे दप्तर समोरासमोर ठेवून पाहा. इतिवृत्तात स्मिथ म्हणतो, मी ही किल्ली तुमच्या हाती फिरवून देतो. यूटामध्ये पुरुष कारकुनांनी इतिहास जुळवताना त्याचं केलं, मी तुमच्या वतीने किल्ली फिरवतो. चर्चमध्ये स्त्रियांना नेमका कोणता अधिकार दिला गेला होता, हा वाद आजही त्या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत चालतो.

याशिवाय खासगी पत्रं. नवरे धर्मप्रचारासाठी वर्षानुवर्षं बाहेर, त्यामुळे व्हिलेट किंबल नवरा हीबरला लिहिते त्या पत्रांत गावातला आजार, दाण्यागोट्याची ओढ, आणि जून १८४४ मधली नॉवूची भीती, सगळं आहे.

मुद्दाम नष्ट केलेले कागद?

आहेत. आणि नष्ट करायला सांगितलेले पण वाचलेलेही आहेत.

१८ ऑगस्ट १८४२ रोजी लपून बसलेल्या स्मिथने व्हिटनी नवरा-बायको आणि त्यांची मुलगी सारा अ‍ॅन यांना भेटायला बोलावणारं पत्र लिहिलं. तीन आठवड्यांपूर्वी त्याने सारा अ‍ॅनशी गुप्तपणे लग्न केलं होतं. वाचताच जाळा, असं पत्रात बजावलंय. त्यांनी जाळलं नाही. बहुपत्नीत्वाबद्दलचा साक्षात्कार १२ जुलै १८४३ रोजी स्मिथचा कारकून विल्यम क्लेटनने लिहून घेतला. एमाला तो मान्य नव्हता आणि मूळ प्रत नष्ट झाली, असं क्लेटन सांगतो. पण तोवर व्हिटनीसाठी जोसेफ किंग्जबरीने नक्कल केली होती. १८५२ मध्ये तो मजकूर जाहीर झाला.

क्लेटनच्याच हातून तिसरा प्रसंग घडला. मार्च १८४४ मध्ये कौन्सिल ऑफ फिफ्टी हे गुप्त मंडळ स्थापन झालं, त्याचा तो कारकून. जूनमध्ये, अटकेच्या सावटात, स्मिथने त्याला सांगितलं की ते कागद जाळ किंवा पुरून ठेव. त्याने बागेत पुरले आणि जुलैच्या सुरुवातीला उकरून काढले. चर्चच्या ताब्यात ते दीडशेहून अधिक वर्षं बंद राहिले आणि २०१६ मध्ये छापून आले.

स्मिथच्या मृत्यूनंतर दप्तर कोणाकडे गेलं?

वाटणी झाली, आणि गोडीगुलाबीने झाली नाही. रिचर्ड्स कार्थेजच्या कोठडीत हजर होता आणि जवळजवळ ओरखडाही न येता वाचला. रात्री ८ वाजून ५ मिनिटांनी त्याने नॉवूला चिठ्ठी धाडली : जोसेफ आणि हायरम मेले, टेलर जखमी, मी ठीक. (हायरम हा स्मिथचा थोरला भाऊ, टेलर बारा प्रेषितांपैकी एक.) एवढ्या प्रसंगातही वेळ घालायला विसरला नाही. खरा कारकून!

नंतर कचेरीतले कागद रिचर्ड्सच्या आणि बारा प्रेषितांच्या हाती राहिले. बायबलच्या स्मिथकृत सुधारित पाठाचं हस्तलिखित मात्र एमाने दिलं नाही. ती पश्चिमेला गेलीच नाही. ते हस्तलिखित तिच्या मुलाच्या नेतृत्वाखालच्या शाखेने, म्हणजे आजच्या कम्युनिटी ऑफ क्राइस्टने, १८६७ मध्ये छापलं. १८४६ मध्ये बुलकने बाकी दप्तराची यादी केली, पेट्या भरल्या आणि बैलगाड्यांतून ते पश्चिमेला निघालं. काही पेट्या सॉल्ट लेकला पोहोचूनही बराच काळ उघडल्या गेल्या नाहीत.

बुक ऑफ मॉर्मनच्या मूळ हस्तलिखिताची कथा वाईट आहे. स्मिथने ते १८४१ मध्ये नॉवूतल्या एका इमारतीच्या कोनशिलेत ठेवलं. १८८२ मध्ये एमाच्या दुसऱ्या नवऱ्याने कोनशिला उघडली तेव्हा पाणी शिरून बराच लगदा झाला होता. आज सुमारे २८ टक्के शिल्लक आहे. छपाईसाठी केलेली दुसरी प्रत चर्चने २०१७ मध्ये कम्युनिटी ऑफ क्राइस्टकडून ३.५ कोटी डॉलरना विकत घेतली.

ब्रिगम यंगच्या काळात काय बदललं?

लघुलिपी आली. यंगचं स्वतःचं शिक्षण त्याच्याच सांगण्यानुसार अकरा दिवसांचं, पण त्याची भाषणं जॉर्ज वॉट नावाच्या इंग्रजाने पिटमन पद्धतीने जशीच्या तशी टिपली. १८५४ पासून ती लिव्हरपूलला जर्नल ऑफ डिस्कोर्सेस नावाने छापली जाऊ लागली, एकूण २६ खंड. अलीकडे मूळ लघुलिपी वाचली गेल्यावर कळलं की वॉटने छापण्याआधी शब्द घातले, काढले, वाक्यं सावरली. म्हणजे इथेही तोच प्रकार.

एकाच माणसाच्या नोंदी वाचायच्या तर कोणाच्या?

विल्फर्ड वुडरफ, निःसंशय. १८३० च्या दशकापासून १८९८ पर्यंत, सात हजारांहून अधिक पानं. वर्ष संपलं की हिशोब : किती मैल चाललो, किती सभा, किती बाप्तिस्मे, किती पत्रं लिहिली, किती आली. पुढे चर्चचा अध्यक्ष झाला तरी सवय सुटली नाही. क्लेटन जास्त रंगतदार आहे, हे कबूल. १८४७ च्या प्रवासात अंतर मोजायला त्याने गाडीच्या चाकाला लाल फडकं बांधलं आणि दिवसभर फेरे मोजत चालला, ३६० फेऱ्यांना एक मैल. कंटाळून यंत्राची कल्पना काढली, ऑर्सन प्रॅटने आराखडा केला आणि अ‍ॅपलटन हार्मनने ते लाकडात बनवलं.

बनावट पत्रांचं प्रकरण काय होतं?

मार्क हॉफमन. १९८० पासून या माणसाने चर्चच्या सुरुवातीच्या काळातले ‘दुर्मीळ’ कागद बाजारात आणले. त्यातलं गाजलेलं म्हणजे स्मिथचा सुरुवातीचा अनुयायी मार्टिन हॅरिसने फेल्प्सला १८३० मध्ये लिहिलेलं म्हणून खपवलेलं पत्र. त्यात स्मिथच्या हकिकतीतल्या देवदूताऐवजी सरड्यासारखा प्राणी येतो. १९८४ मध्ये ते ४० हजार डॉलरना गेलं. देणी अंगाशी आली तेव्हा ऑक्टोबर १९८५ मध्ये हॉफमनने सॉल्ट लेकमध्ये बाँब ठेवून दोन माणसं मारली, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच्याच बाँबने जखमी झाला. सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या शाईला मगरीच्या कातडीसारख्या बारीक भेगा दिसल्या. शाई कृत्रिमरीत्या जुनी केल्याची ती खूण होती. १९८७ मध्ये गुन्हा कबूल केला, जन्मठेप झाली. त्याआधीच्या पाच-सहा वर्षांतली पुस्तकं वाचताना तळटीपा बघून घ्या, त्याचे कागद काही ठिकाणी अजून सापडतात.

भारताशी, महाराष्ट्राशी काही संबंध?

आहे, छोटासाच. १८५२ मध्ये ह्यू फिंडले हा स्कॉटिश प्रचारक मुंबईत उतरला आणि पुढे पुण्यात राहिला. गोऱ्या सैनिकांत काम करायचं तर लष्करी अधिकाऱ्यांनी छावणीचं दार बंद केलं. त्याची पत्रं लिव्हरपूलच्या मिलेनियल स्टार या चर्चच्या नियतकालिकात छापून येत, रोजनिशीही टिकली आहे. मिशन काही वर्षांतच गुंडाळलं गेलं.

दुसरा धागा वंशावळींचा. मृतांसाठीच्या विधींना पूर्वजांची नावं लागतात, म्हणून १८९४ मध्ये यूटात वंशावळींची संस्था निघाली. तिने १९७० च्या दशकात हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांचं मायक्रोफिल्मिंग सुरू केलं.

हे सगळं कुठे वाचता येईल?

जोसेफ स्मिथ पेपर्स या प्रकल्पाने २००८ ते २०२३ दरम्यान २७ खंड काढले, आणि संकेतस्थळावर मजकूर फुकट आहे. बहुतेक ठिकाणी मूळ पानाचं छायाचित्र आणि शेजारी लिप्यंतर, खोडलेले शब्द खोडलेलेच ठेवून, कोणत्या कारकुनाचं अक्षर तेही सांगून. सुरुवात १८३२ च्या न्यूयॉर्कच्या पत्राने करा, मग लिबर्टीचं पत्र घ्या. इतिहासाच्या खंडांना हात लावाल तेव्हा त्याच तारखेची रोजनिशी दुसऱ्या खिडकीत उघडी ठेवा.